दारातली वाटी

"तो लाल दिवा बंद करा आता," हळबे सर दारातूनच म्हणाले. "सकाळपासून एक ठिपका घेऊन बसलाय दोघं. उद्या दिल्लीची माणसं पाहणीला येतायत. त्यांना काय हा ठिपका दाखवू?"

मी आरशावरून नजर काढली नाही. म्हटलं, "सर, पहिल्या छिद्रातून किरण बरोबर मधून जातोय. दुसऱ्याच्या काठाला घासतोय. अर्धा तास द्या, बसेल."

"तुझा अर्धा तास मला चांगला माहीत आहे, सुनीती. बांगड्या काढल्यायस का?"

"काढल्यात."

हे विचारताना त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते त्यांचं रोजचं पालुपद होतं. दुसरा कुणी 'काय, कसं काय' विचारेल, तसं ते प्रयोगशाळेतल्या बायकांना 'बांगड्या काढल्या का' विचारायचे. त्यांनी पाहिलं नाही, एवढं लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यावरच अडलं.

त्या गावाचं नि विद्यापीठाचं नाव मी सांगणार नाही. त्यातले काही जण अजून पेन्शन खातायत आणि सकाळी फिरायला गेलं की समोरून येतात. भौतिकशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर काळे पडदे लावलेली एक खोली होती. मधोमध लोखंडी टेबल, पंगतीच्या पाटांसारखं लांबच लांब. त्याच्या एका टोकाला लेसर आणि पुढे अंतराअंतरावर स्टँडवर बसवलेले लहान आरसे. प्रत्येक आरशामागे दोन बारीक स्क्रू. किरण पहिल्या आरशावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आणि तिथून दोन बारीक छिद्रांतून सरळ पार जायला हवा. एका छिद्रातून कुणीही घालवेल. दोन्हींतून एकदम घालवताना मात्र जीव जातो, कारण इकडचा स्क्रू केसभर फिरवला की तिकडचं बिघडतं. माझा हात त्या कामात बसला होता. बसणारच. लग्नाआधीची सगळी वर्षं मी त्या टेबलापाशी घालवली होती.

लेसर दोन होते. एक लाल, लहान, मवाळ. दुसरा हिरवा, एका ठोक्यात कागदाला भोक पाडणारा. रीत अशी की आधी लालनं वाट आखायची, सगळे आरसे लालवर बसवायचे आणि मगच त्याच वाटेनं हिरवा सोडायचा. हिरवा चालू असला की डोळ्यांवर गॉगल हवा आणि टेबलाजवळ चकचकीत काही नको. घड्याळ नको, अंगठी नको, बांगडी नको, पट्ट्याचं बक्कलसुद्धा नको. किरण कशावरूनही उडतो आणि कुठेही जातो.

हळबे सर विभागप्रमुख आणि माझे गाइड. देखणे, आवाज खणखणीत, कपड्यांची इस्त्री कधी मोडलेली नाही. उजव्या हाताच्या तर्जनीत पुष्कराज. प्रमोशन अडलं होतं तेव्हा कुणीतरी घालायला सांगितला, एका गुरुवारी घातला आणि महिन्यात ऑर्डर आली, हे ते स्वतःच सगळ्यांना कौतुकानं सांगायचे.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इरफान मुजावर उभा होता. माझ्यामागून संशोधनाला आलेला, मला ताई म्हणणारा. त्याच्या घरी घड्याळदुरुस्तीचं दुकान. भावांत हा एकटाच शिकला. दुसऱ्या छिद्रामागे पांढरं कार्ड धरून ठिपका कुठे पडतोय ते तो मला सांगत होता.

"ताई, किंचित वर," तो म्हणाला.

"वर नाही आणि खाली नाही," सर म्हणाले, आणि पुढे येऊन त्यांनी हिरव्याची किल्ली स्वतः फिरवली. "असं लाड करत बसलात तर पुढच्या दिवाळीपर्यंत होणार नाही. इतकी वर्षं मी हे करतोय."

लेसर टक टक टक करायला लागला. मी घाईनं गॉगल ओढला. म्हटलं, "सर, ताकद तरी कमी ठेवा."

"कमी ठेवली तर दिसेल का? इरफान, ठिपका कुठे आहे?"

"सर, गॉगलमधून हिरवं दिसत नाही."

"मग वर कर गॉगल. डोळे झाकून ठिपका बघायचा असतो का?"

हा त्या गॉगलचा दोषच आहे. तो हिरवं अडवतो म्हणून डोळा वाचतो, आणि अडवतो म्हणूनच काम अडतं. म्हणून तर लाल लागतो. पण सरांना आता लाल नको होता. त्यांनी तिसऱ्या आरशापाशी हात घातला आणि तर्जनीनं स्क्रू रेटला. मी पहिल्या आरशापाशी होते, दीड-दोन हात लांब. इरफाननं गॉगल कपाळावर सरकवला आणि कार्डाकडे वाकला.

मग त्याच्या हातातलं कार्ड पडलं. तो ओरडला नाही. हळूच खाली बसला आणि उजव्या डोळ्यावर तळवा दाबून म्हणाला, "ताई, डोक्यात काहीतरी फुटलं."

मी धावत जाऊन किल्ली बंद केली. सर म्हणाले, "काही नाही, काही नाही, चमक आली असेल. पाणी मार डोळ्यावर." आणि दिल्लीच्या माणसांच्या जेवणाचं बघायला निघून गेले.

हॉस्पिटलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंगातून पुष्कळ वेळ पाहिलं. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "टाचणीच्या टोकाएवढा डाग आहे. गोल, अगदी रेखीव. पण नेमका नजरेच्या मध्यावर. कडेचं दिसेल त्याला. मधलं येणार नाही."

"कधी येईल?"

"बाई, येणार नाही म्हणालो मी."

इरफानचे वडील बाकावर बसले होते. घड्याळाचं भिंग त्यांच्या शर्टाच्या खिशात तसंच होतं, दुकानातून उठून आलेले. ते मला एकच विचारत होते, "बेटी, पण झालं कशानं?" त्यांच्याशेजारी बसल्याबसल्या माझ्या डोक्यात ते टेबल उभं राहिलं. लेसर इथं, आरसे इथं, इरफानचा डोळा तिथं. किरण त्याच्या डोळ्यात जायचा तर तो तिसऱ्या आरशापासूनच उडायला हवा. माझ्या जागेवरून मी जीव दिला असता तरी तो तिथे गेला नसता. तिसऱ्या आरशावर एकच हात होता आणि त्या हाताच्या एकाच बोटात काहीतरी चमकत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी आत जाऊन इरफानला सांगितलं. त्यानं पट्टी बांधलेलं डोकं उशीवरून हलवलंही नाही. म्हणाला, "ताई, सरांचं नाव नको घेऊ. माझी पीएच.डी. त्यांच्याच हातात आहे. डोळा तर गेलाच, आता ती पण घालवू का?"

"अरे, पण तू हात पाहिलास ना?"

"मी ठिपका पाहत होतो," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले तर दारावर टाइप केलेली सूचना चिकटवलेली. 'स्त्री संशोधकांनी बांगड्या घालून प्रयोगशाळेत प्रवेश करू नये. उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाई होईल.' खाली हळब्यांची झोकदार सही. कॅंटीनमध्ये, ग्रंथालयात, ऑफिसात एका दिवसात पसरलेलं होतं, की नव्या नवरीनं हौसेनं चुडा घालून लेसरवर काम केलं आणि बिचाऱ्या मुजावराचा डोळा गेला. ऑफिसातल्या बाई मला म्हणाल्या, "अगं, एवढे दिवस काढून ठेवल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?" मी ती सूचना टराटरा फाडली. शिपाई पाहत होता. ते पण सरांपर्यंत गेलं. माझं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि त्याआधी चौकशी नेमली.

आता घरचं सांगते.

माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते. माझ्या सासरी नव्या सुनेचा हिरवा चुडा वर्षाचे सण होईपर्यंत हातातून उतरवत नाहीत. एखादी पिचकली तर लगेच कासाराकडे जाऊन दुसरी भरायची, पण हात मोकळा ठेवायचा नाही. मी रोज विद्यापीठात गेले की बेसिनपाशी साबण लावून बांगड्या काढायची, डब्याच्या पिशवीत ठेवायची आणि घरी यायच्या आधी पुन्हा चढवायची. मनगटाची साल निघाली होती. हे चोरून चाललं होतं तोवर चाललं. मग कुणीतरी मला बसमध्ये उघड्या हातांनी पाहिलं आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, येऊन सांगितलं.

ज्या दिवशी इरफानचा डोळा गेला त्याच सकाळी आत्याबाईंनी मला ओट्यापाशी गाठलं. "हात बघू," म्हणाल्या. साल निघालेली दिसलीच. "रोज काढतीस? रोज? माझ्या पोराच्या जिवावर उठलीस काय गं?"

मी सांगायला गेले. आरसे, किरण, चकाकी. त्यांनी कानावर हात ठेवले. "ते तुझं शास्त्र तुझ्यापाशी. ज्या घरात नांदतीस तिथलं पण काही असतं का नसतं?"

माझंही डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे साबण घेतला, एकेक बांगडी काढली आणि त्यांच्यापुढे कणकेच्या परातीत ठेवली. सोन्याचे बिलवर पण ठेवले. "घ्या, तुमच्यापाशीच सांभाळा," म्हटलं आणि निघाले. त्या दिवशी आत्याबाईंनी शेजारणींना बोलावून परातीतला तो ढीग दाखवला होता, हे मला नंतर कळलं.

म्हणजे बघा. घरी मी बांगड्या काढते म्हणून शिव्या खात होते, आणि विद्यापीठात मी बांगड्या काढल्या नाहीत म्हणून चोर ठरत होते. दोन्हीकडून माझ्याच हातांवर डोळे. आणि ज्याच्या हाताकडे बघायला हवं होतं तो हात मजेत सह्या करत फिरत होता.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी आत्याबाईंसमोर बसले. त्या मेथी निवडत होत्या. माझे यजमान, उदय, पेपर उघडून बसले होते. पान काही उलटत नव्हतं.

"आत्याबाई, उद्या तुम्ही या माझ्याबरोबर. एवढंच सांगा, की त्या दिवशी बांगड्या घरी होत्या."

"मी?" त्यांनी जुडी खाली ठेवली. "चार पुरुषांपुढं जाऊन मी सांगू, की माझी सून नवा चुडा काढून भुंड्या हातानं गावभर हिंडते? माझ्या तोंडानं?"

"शेजारणींना सांगितलंत तेव्हा काही वाटलं नाही."

"सुनीती," उदय म्हणाले.

"तुम्ही पेपर वाचा," मी म्हटलं. "माझं सगळं जाणार आहे, आत्याबाई. पदवी जाईल ती जाईल, पण एका पोराचा डोळा फोडल्याचा डाग लागेल. जन्मभर. तुमच्याच घराचं नाव लावते मी."

"मग करायचं कशाला असलं काम?"

मी उठले. आता आणखी काही बोलले असते तर ते परत घेता आलं नसतं. दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, "त्या पोराला आई आहे?"

"आहे."

"दुसरा डोळा बरा आहे?"

"आहे."

त्यांनी जुडी पुन्हा उचलली. मेथीची पानं खुडण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

चौकशी त्याच लेसरच्या खोलीत झाली. अध्यक्ष रसायनशास्त्राच्या देशमाने मॅडम, कमी बोलणाऱ्या, करड्या. सोबत दुसऱ्या विभागांचे दोन प्राध्यापक, दोघेही हळब्यांबरोबर चहा पिणारे. कोपऱ्यात खुर्चीवर इरफान, डोळ्यावर पट्टी, मान खाली.

हळबे सर इतकं गोड बोलले की ऐकत राहावं. "मॅडम, दोष माझाही आहे. मी विश्वास ठेवला. नवं लग्न झालेलं, घरच्यांच्या भावना असतात, मी समजू शकतो. म्हणून तर रोज विचारायचो. कुणालाही विचारा, मी रोज हिला विचारायचो की बांगड्या काढल्या का. त्या दिवशीही विचारलं. आणि ही खोटं बोलली."

"तुम्ही माझे हात पाहिलेत, सर?" मी विचारलं.

"मी काम पाहत होतो. हात पाहायला मी काय कासार आहे?"

ते दोघे प्राध्यापक हसले. देशमाने मॅडम हसल्या नाहीत.

"मॅडम, मला लाल लेसर लावू द्या," मी म्हटलं. "हिरवा नको. नुसता लाल. कुठून काय उडू शकतं ते इथल्या इथे दिसेल."

"याची गरज काय?" सर म्हणाले. "ही चौकशी आहे, प्रात्यक्षिकाचा तास नाही."

"लावू द्या," देशमाने मॅडम म्हणाल्या.

मी लाल सुरू केला आणि आरसे बसवायला घेतले. रागाच्या भरात मी स्क्रू फिरवण्याऐवजी रेटत होते. असं रेटून ठिपका बसत नाही. मी दोनदा चुकले. मागून कुणाचा तरी उसासा ऐकू आला. मग मी श्वास धरला, दातांवर दात आवळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिलं छिद्र झालं. दुसऱ्याच्या काठावर ठिपका आला, सरकला आणि आत बसला. इरफानची मान वर झाली. एका डोळ्यानं तो त्या ठिपक्याकडे पाहत होता.

तेवढ्यात दाराशी शिपायाचा आवाज आला. "बाई, आत मीटिंग चालू आहे. आत नाही जाता येणार."

"मीटिंगलाच आलीय मी. सरक."

आत्याबाई होत्या. मागे उदय, चेहरा घामानं निथळलेला. आत्याबाईंनी चपला बाहेर काढल्या, देवळात शिरावं तशा आत आल्या आणि पदर सावरून टेबलाशी उभ्या राहिल्या. हातात रुमालाची गाठ.

"मी खराडे. हिची सासू," त्या देशमाने मॅडमना म्हणाल्या. "ही उद्धट आहे. एक सांगितलं की दोन ऐकवते. नवा चुडा रोज काढायची, माझ्या चोरून. त्या दिवशी तर माझ्यापुढं काढला आणि कणकेच्या परातीत टाकून गेली. दिवसभर तिथंच होता. आमच्या गल्लीतल्या बायकांनी बघितलाय, मी मुद्दाम दाखवला. ही काय वाटेल ते करील, पण खोटं बोलत न्हाई. बोलली असती तर माझं तिचं भांडणच झालं नसतं."

आणि त्यांनी रुमाल सोडला. हिरव्या बांगड्या आणि दोन बिलवर.

"मातोश्री," हळबे सर म्हणाले, "तुमच्या भावना मी समजतो. पण सासू सुनेची बाजू घेणारच."

"कुठल्या गावची सासू बघितलीसा तुम्ही?" आत्याबाई म्हणाल्या.

देशमाने मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. मी एक बांगडी उचलली आणि तिसऱ्या आरशापुढे, किरणाच्या वाटेत धरली. भिंतीवर ठिपका आला नाही. एक लांबलचक तांबूस रेघ उठली, भिंतीवरून पडद्यावर गेली, इतकी फिकट की डोळे बारीक करून बघावी लागली. मी बिलवर धरला. पुन्हा रेघ.

"गोल वस्तूवरून किरण असा पसरतो," मी म्हटलं. "पसरला की त्याचा जोर जातो. डॉक्टरांनी इरफानच्या डोळ्यात टाचणीच्या टोकाएवढा रेखीव डाग पाहिलाय. तसा किरण न पसरता उडायचा तर सपाट, घासून गुळगुळीत केलेली जागा लागते. एखादा आरसा. नाहीतर एखादा खडा. त्या दिवशी तिसऱ्या आरशावर सरांचा हात होता. मॅडम, सरांची अंगठी दोन मिनिटं मिळाली तर दाखवते."

हळबे सर हसले, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

"हा पोरखेळ आहे. मी आरशाजवळ नव्हतोच. आणि ही अंगठी काढायची नसते. गुरूची आहे. घातल्यापासून एकदाही काढलेली नाही."

"सर, दोन मिनिटांचा प्रश्न आहे," देशमाने मॅडम म्हणाल्या.

"निघतच नाही ती आता. बोट जाड झालंय."

"मग बोटासकट ठेवा," मी म्हटलं.

एक प्राध्यापक म्हणाले, "अहो खराडेबाई, जरा बोलायचं भान ठेवा." मला भान ठेवायचं नव्हतं. त्या टेबलापाशी मी इतकी वर्षं भान ठेवूनच काम केलं होतं.

आत्याबाई सरांच्या हाताकडे बघत होत्या. पुष्कराज त्यांनाही दिसला. त्यांचा आवाज खाली आला. मी त्या घरात गेल्यापासून इतक्या खालच्या आवाजात त्यांना बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्हीच हिला रोज बांगड्या काढायला लावल्या न्हवं? सौभाग्याच्या बांगड्या. हिनं काढल्या. घरी माझ्या शिव्या खाल्ल्या, हाताची साल काढून घेतली, पण काढल्या. का, तर समोरच्याचा डोळा जाऊ नये. आणि तुम्हाला एक खडा काढवंना?"

हळबे सरांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला. अगदी सावकाश, आपल्याला कुणी बघत नाही अशा बेतानं. पण सगळे तिकडेच बघत होते.

"हात सरांचा होता, मॅडम," कोपऱ्यातून इरफान म्हणाला. "मी ठिपका बघत होतो. पण आरशावर हात सरांचाच होता."

तुम्हाला वाटेल, मग न्याय झाला. कसला न्याय. अहवालात लिहिलं, 'अपघात. निश्चित कारण सांगता येत नाही.' अंगठीचा शब्द नाही. हळब्यांनी प्रकृतीच्या कारणानं विभागप्रमुखपद सोडलं आणि पुढे निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल-श्रीफळ दिलं गेलं, भाषणं झाली. मला आणि इरफानला गाइड बदलून मिळाले, माझं रजिस्ट्रेशन राहिलं. इरफान आता एका कॉलेजात शिकवतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, डावा मिटला ना, तर माणसाचा चेहरा सोडून बाकी सगळं दिसतं." तो हे हसत सांगतो. मला अजून हसता येत नाही.

त्या दिवशी परत येताना रिक्षात आत्याबाई माझ्याशेजारी बसल्या. उदय पुढे रिक्षावाल्याजवळ बसले होते. चौक ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, "हात कर पुढं." रुमाल सोडून त्या माझ्या हातात बांगड्या चढवायला लागल्या. साबण नाही, पाणी नाही, नुसत्या रेटून. साल निघालेल्या जागी आग होत होती. मी हात मागे घेतला नाही. एक बांगडी पिचकली, तिचे तुकडे त्यांनी रुमालातच ठेवले.

"उद्यापासनं तिथं पोचल्यावर काढ," त्या म्हणाल्या. "त्या खोलीच्या दारात. घरातनं निघताना न्हाई."

दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत डब्याशेजारी झाकणाची एक स्टीलची वाटी होती. लग्नात आलेल्या भांड्यांतली, आत्याबाईंचं नाव कोरलेली. आतून फडकं घातलेलं. मी बघतेय असं पाहून त्या म्हणाल्या, "डब्याच्या पिशवीत उघड्या बांगड्या ठेवतात व्हय कुणी?"

आज त्या नाहीत. मी आता दुसऱ्या गावी आहे, माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे, आणि ती वाटी तिच्या दारात स्टुलावर असते. आत येणारा प्रत्येक जण अंगठी, घड्याळ, कडं, जे असेल ते तिच्यात टाकतो आणि मगच आत येतो. बाई असो, बाप्या असो. कुणी कुरकुरलं तर मी एकदाच सांगते.

गेल्या महिन्यात कुलगुरू पाहणीला आले. मागे माणसांचा घोळका, पुढे फोटोवाला. दोन्ही हातांत मिळून चार अंगठ्या. मी वाटी उचलून पुढे केली. ते म्हणाले, "मॅडम, या काढायच्या नसतात. मुहूर्त बघून घातलेल्या आहेत." घोळका हसला. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मी वाटी पुढे धरून दारातच उभी राहिले.